स्वर्गात जागा आहे, मग मेजावर का नाही?

माननीय संपादक महोदय,

स. न. वि. वि.

आपल्या दैनिकाच्या वाचकपत्रांच्या सदरात एका वाचकाने अलीकडे ख्रिस्ती लोकांना उद्देशून एक सरळ प्रश्न विचारला होता. तुमच्या धर्मात तारण, म्हणजे पापातून सुटका, विश्वासाने होते आणि विश्वास ठेवण्यासाठी आधी शुभवर्तमान, म्हणजे येशूविषयीचा संदेश, ऐकून समजावे लागते. मग ज्याला ते जन्मभर समजणारच नाही अशा मतिमंद माणसाचे काय, असा तो प्रश्न. पत्राचा सूर जरा खोचक होता, पण प्रश्न खोटा नव्हता. माझ्या आईने तोच प्रश्न मरेपर्यंत मनात वागवला. त्यामुळे माझे उत्तर थोडे लांबले तरी छापावे, ही विनंती.

शब्दांचा घोळ आधी दूर करतो. २०१६ च्या दिव्यांग व्यक्ती हक्क कायद्याने बौद्धिक दिव्यांगत्व आणि मानसिक आजार हे वेगवेगळे मानले आहेत आणि ते योग्यच आहे. पहिल्यात समज लहानपणापासूनच मर्यादित असते. दुसऱ्यात ती असते, पण आजाराने झाकोळते. धर्मशास्त्रातही हे दोन प्रश्न निराळे आहेत. ज्याने शहाणपणी विश्वास ठेवला आणि पुढे भान किंवा स्मृती गमावली, त्याच्याविषयी फारसा वाद नाही. इंग्रज कवी विल्यम कूपर याची १७७३ नंतर अशी खात्रीच झाली की देवाने आपल्याला टाकून दिले आहे, आणि १८०० मध्ये मरेपर्यंत ती त्याच्या मनातून गेली नाही; तरी त्याने रचलेली गीते उपासनेत आजही गायिली जातात आणि ती गाणाऱ्याच्या मनात कूपरच्या तारणाविषयी शंका येत नाही. अवघड आहे तो पहिला प्रश्न, आणि पत्रलेखकाने विचारलेलाही तोच.

बायबलातील रोमकरांस पत्राच्या दहाव्या अध्यायात प्रेषित पौल म्हणतो की, येशू प्रभू आहे असे मुखाने कबूल करशील आणि देवाने त्याला मेलेल्यांतून उठवले असा अंतःकरणात विश्वास ठेवशील, तर तुझे तारण होईल. थोड्याच ओळींनंतर तो विश्वास ऐकण्याने होतो असेही म्हणतो. ही वचने परीक्षेच्या नियमासारखी वाचली, तर पत्रलेखकाचा आक्षेप बिनतोड आहे. पण मग ‘मुखाने’ हा शब्दही तितक्याच काटेकोरपणे धरावा लागेल आणि मुक्या माणसाचे तारणही अडेल. पौल तेथे यहुदी आणि हेल्लेणी, म्हणजे ग्रीक, यांच्यात भेद नाही, हे सांगत आहे. ज्याला ऐकता किंवा बोलता येत नाही त्याच्याविषयी त्या अध्यायात तो काहीही म्हणत नाही.

ख्रिस्ती मंडळीने, म्हणजे चर्चने, या माणसांचा विचार मात्र फार पूर्वीपासून केलेला आहे. उत्तर आफ्रिकेतील हिप्पो येथील बिशप ऑगस्टीन याने ४१२ च्या सुमारास, पापाची क्षमा आणि बालकांचा बाप्तिस्मा यांविषयी लिहिताना, आपल्या आठवणीतल्या एका माणसाची हकिकत सांगितली आहे. लोक ज्यांना वेडपट म्हणून हसत, ज्यांची बुद्धी जनावरापेक्षा फार वेगळी नाही असे समजत, त्यांपैकी तो एक होता. त्याला स्वतःला कोणी कितीही छळले, शिव्या दिल्या, तरी तो मुकाट सोसत असे. पण त्याची गंमत पाहण्यासाठी चतुर मंडळी ख्रिस्ताच्या नावाची निंदा करू लागली की तो दगड उचलून मारू लागे, आणि त्यात मोठ्या धन्यांचीही गय करीत नसे. ऑगस्टीन दगडांचे समर्थन करीत नाही. त्याचा मुद्दा असा की, कृपा बुद्धीच्या किंवा पुण्याच्या पायरीवर उभे असलेल्यांनाच मिळते असे जे म्हणतात, त्यांनी या माणसाकडे पाहावे. आपण हुशार आहोत म्हणून देवाने आपल्याला निवडले, हा भ्रम त्याच्यासमोर टिकत नाही. त्या काळातल्या लिखाणात त्या माणसाविषयीचे शब्द आज कानाला बोचतात, हेही खरे आहे. पण त्याला विश्वास आहे की नाही, याविषयी ऑगस्टीनला शंका नव्हती.

तेराव्या शतकात कॅथोलिक धर्मशास्त्रज्ञ थॉमस अक्विनास याने हाच प्रश्न नेहमीच्या शिस्तीने घेतला. जन्मापासून ज्यांना समज नाही आणि मधूनमधूनही भान येत नाही, त्यांना बाप्तिस्मा द्यावा काय? त्याचे उत्तर होकारार्थी आहे. बालकांना जसा मंडळीच्या विश्वासावर बाप्तिस्मा दिला जातो, तसाच त्यांनाही द्यावा. मात्र त्याच ग्रंथात पुढे ख्रिस्तप्रसादाचा, म्हणजे प्रभूच्या मेजावरून उपासनेत वाटल्या जाणाऱ्या भाकरीचा, प्रश्न आला तेव्हा त्याने हात आखडता घेतला. ज्यांची समज दुबळी आहे, पण थोडीफार भक्ती ज्यांना वाटू शकते, त्यांना प्रसाद नाकारू नये. ज्यांना कधीच समज नव्हती त्यांना देऊ नये. दारातून आत या, पण मेजावर बसू नका. थॉमसचा मला आदर आहे, तरीही बाप्तिस्म्याला पुरेसा ठरलेला मंडळीचा विश्वास भाकरीच्या तुकड्याला अपुरा का पडावा, हे त्याच्या उत्तरातून मला अजून उमगलेले नाही.

आम्ही प्रोटेस्टंट लोक या बाबतीत स्वतःला अधिक उदार समजतो, पण आमचा इतिहासही सरळ नाही. मार्टिन ल्यूथर याने १५२९ मध्ये स्पष्ट लिहिले की माझा विश्वास बाप्तिस्मा घडवीत नाही, तो फक्त बाप्तिस्मा स्वीकारतो. तान्ह्या बाळालाही विश्वास असू शकतो असे तो म्हणे, आणि दाखल्यासाठी अलीशिबेच्या पोटात उडी मारणाऱ्या योहानाकडे बोट दाखवी. याच ल्यूथरच्या जेवणाच्या मेजावरील बोलण्याच्या नोंदी त्याच्या विद्यार्थ्यांनी केल्या आहेत, आणि त्यांपैकी एका नोंदीत देसाऊ येथील एका बारा वर्षांच्या मुलाविषयी तो मांसाचा आत्मारहित गोळा आहे, त्याला बुडवावे, असे उद्गार त्याच्या तोंडी आहेत. त्या नोंदीवर किती भिस्त ठेवावी याविषयी अभ्यासकांत मतभेद आहेत. तरी ती आम्ही लपवू नये, असे मला वाटते.

प्रेस्बिटेरियन पंथाच्या १६४६ च्या वेस्टमिन्स्टर विश्वासपत्रात याविषयी एक लहानसे कलम आहे. स्कॉटिश मिशन आणि कोल्हापूरचे अमेरिकन प्रेस्बिटेरियन मिशन यांच्यामार्फत ही परंपरा आपल्या महाराष्ट्रातही आली. बालपणी मरणाऱ्या निवडलेल्या बालकांचा ख्रिस्त आत्म्याच्या द्वारे उद्धार करतो, आणि आत्मा त्याला वाटेल तेव्हा, वाटेल तेथे व वाटेल तसे कार्य करतो, असे म्हणून ते कलम पुढे सांगते की, वचनाच्या सेवेने ज्यांना बाहेरून बोलावता येत नाही अशा इतर निवडलेल्या लोकांचेही तसेच आहे. बुद्धीने दुबळ्या माणसांची जागा या ‘इतर’ शब्दात आहे. ‘निवडलेल्या’ हा शब्द अनेकांना टोचला, तेव्हा अमेरिकेतील प्रेस्बिटेरियन मंडळीने १९०३ मध्ये खुलासा केला की बालपणी मरणारे सर्वच निवडलेले आहेत असे आम्ही मानतो. खुलाशात बालकांचे नाव घेतले गेले. ‘इतर’ जेथे होते तेथेच राहिले. असे असले तरी त्या कलमातील आत्म्याविषयीचे वाक्य मला फार मोलाचे वाटते, कारण तारणाची किल्ली त्याने माणसाच्या आकलनाच्या हाती दिलेली नाही. आपल्या भाषेत तारण या शब्दाला बँकेतलाही एक अर्थ आहे. तेथे कर्जदाराला स्वतःचे काहीतरी तारण ठेवावे लागते. मंडळी ज्या तारणाविषयी बोलते ते दुसऱ्यानेच ठेवलेले आहे, असे आम्ही शिकवतो, आणि मग बुद्धीचा सातबारा मागतो.

बाप्टिस्ट आणि त्यांच्यासारख्या, सुज्ञ माणसालाच बाप्तिस्मा देणाऱ्या मंडळ्यांचे उत्तर वेगळे असते. जबाबदारीचे वय नावाची एक कल्पना ते मांडतात: बरेवाईट कळू लागेपर्यंत माणसाकडे पापाचा हिशेब मागितला जात नाही, आणि ज्याला ते कधीच कळत नाही त्याच्याकडे कधीच मागितला जाणार नाही. बायबलातील ‘अनुवाद’ या पुस्तकाच्या पहिल्या अध्यायात, ज्यांना अजून बरेवाईट कळत नाही ती तुमची मुले वचनदत्त देशात जातील, असे म्हटले आहे. राजा दावीद आपल्या मेलेल्या बाळाविषयी, मी त्याच्याकडे जाईन, तो माझ्याकडे परत येणार नाही, असे म्हणतो. या वचनांवर ही कल्पना उभी आहे. तिच्यात दया आहे, आणि शोकात बुडालेल्या आईबापांना तिचा आधार वाटतो, म्हणून मी ती हिणवणार नाही. पण तिच्यातून जे घरगुती उत्तर तयार झाले आहे, ‘ती निष्पाप लेकरे, ती सरळ स्वर्गातच जाणार’, ते मला पुरेसे वाटत नाही, आणि याचे कारण मला घरीच मिळाले.

माझी धाकटी बहीण १९६६ मध्ये जन्मली. तिला डाऊन सिंड्रोम होता. घरात आम्ही तिला बेबी म्हणत असू आणि ती एकोणपन्नास वर्षांची होऊन वारली तेव्हाही तिचे नाव बेबीच होते. ती निष्पाप मुळीच नव्हती. डब्यातले पेढे खाऊन ती नाव धाकट्या भाच्यावर ढकलत असे. माझ्या पत्नीवर रुसली की तिची चप्पल लपवून ठेवी. नंतर, कधी तासाभराने तर कधी दुसऱ्या दिवशी, स्वतःचा कान धरून समोर येऊन उभी राही आणि आपण ‘बरं’ म्हणेपर्यंत हलत नसे. पश्चात्ताप म्हणजे काय हे मला धर्मशिक्षणाच्या वर्गात जेवढे कळले, त्याहून अधिक त्या धरलेल्या कानाने कळले. अशा माणसाला निष्पाप म्हणणे वरकरणी प्रेमळ वाटते. वास्तविक त्यात तिचे पाप, तिची माफी आणि तिचे मोठे होणे, सगळेच नाकारलेले असते. बेबीला क्षमेची गरज नव्हती, असे मला म्हणायचे नाही. ती मलाही हवी होती आणि तिलाही, आणि दोघांनाही ती फुकटच मिळणार होती.

ती पंधरा वर्षांची झाली तेव्हा तिच्या वयाच्या मुलामुलींबरोबर आईने तिला दृढीकरणाच्या, म्हणजे प्रभूच्या मेजावर येण्याआधी विश्वासाची कबुली देण्याची तयारी करून घेणाऱ्या, वर्गाला बसवले. वर्षाच्या शेवटी पाळकांनी प्रत्येकाला प्रश्न विचारले. तुझे तारण कोणी केले, या प्रश्नाला बेबीने ‘आईने’ असे उत्तर दिले. पाळक हसले. ते कठोर गृहस्थ नव्हते. पुढच्या वर्षी पाहू, असे ते म्हणाले. पुढच्या वर्षीही तेच झाले, त्याच्या पुढच्या वर्षीही. नंतर आईने विचारणे सोडून दिले. आमच्याकडे महिन्याच्या पहिल्या रविवारी प्रभुभोजन, म्हणजे हाच ख्रिस्तप्रसादाचा विधी, असे. भाकरीच्या तुकड्यांचे ताट बाकांवरून फिरे आणि बेबीपाशी आले की तिच्या डोक्यावरून पुढच्या हातात जाई. ती ताटाच्या मागे मान वळवून पाहत राही. एका रविवारी आईने आपला तुकडा दातांनी अर्धा तोडला आणि पदराआड बेबीच्या तळहातावर ठेवला. मी शेजारी बसलो होतो, आणि खरे सांगायचे तर कोणी पाहिले तर नाही ना, म्हणून मी मागे वळून पाहिले. तेव्हा मी शिक्षक होतो, मंडळीच्या पंचांत होतो, आणि मला लाज वाटली ती आईची.

२०१५ मध्ये बेबी गेली. तिच्या अंत्यविधीत नव्या पाळकांनी फार सुंदर उपदेश केला. तिच्या तारणाविषयी काळजी नको, ती देवाच्या मेजवानीत बसलेली आहे, असे ते म्हणाले. आई तेव्हा हयात होती. घरी आल्यावर तिने एवढेच विचारले की, तिथे बसवतात तर इथे का नाही बसवले.

मंडळीने पाठ फिरवण्यासाठी जे वचन वापरले ते पौलाच्या करिंथकरांस पहिल्या पत्राच्या अकराव्या अध्यायातले आहे. माणसाने आत्मपरीक्षण करावे, कारण जो शरीराचे मर्म न ओळखता खातो व पितो तो स्वतःवर दंड ओढवून घेतो. बेबीला आत्मपरीक्षण करता येत नाही, तेव्हा तिच्याच भल्यासाठी तिला दूर ठेवतो, असे पाळकांनी आईला समजावले होते. पण तो अध्याय वरून वाचत आले की चित्र निराळे दिसते. करिंथ येथे खातेपिते लोक आधी येऊन जेवून घेत आणि गरिबांना उपाशी ठेवत. त्या लोकांना पौल फटकारतो आहे. शेवटी तो त्यांना काय करायला सांगतो? जेवायला जमाल तेव्हा एकमेकांसाठी थांबा. जे शरीर ओळखायचे आहे त्यात समोर बसलेली मंडळीही आहे, आणि पुढच्याच अध्यायात शरीराचे जे अवयव अधिक अशक्त दिसतात ते आवश्यक आहेत, असे तो लिहितो. आमच्या घरी सगळ्यांच्या ताटात वाढून झाल्याशिवाय बेबी घास तोंडात घालत नसे. कोणी उशिरा आले तर ती हात मागे घेऊन बसून राही, भाकरी गार झाली तरी. त्या अध्यायातली परीक्षा आमच्या मंडळीत कोणी उत्तीर्ण झाले असेल, तर ती तीच.

इतर मंडळ्यांकडे पाहिले तर हे अशक्य नाही, हे दिसते. पूर्वेकडील ऑर्थोडॉक्स मंडळ्या तान्ह्या बाळालाच बाप्तिस्मा, पवित्र तेलाचा अभ्यंग आणि प्रसाद एकत्र देतात, त्यामुळे समजेची अट लावण्याची वेळच तेथे येत नाही. कॅथोलिक मंडळीच्या १९८३ च्या धर्मसंहितेत, कायमची समज नसलेली व्यक्ती बाप्तिस्म्याच्या बाबतीत बालकासारखी धरली आहे. आणि २००७ मध्ये पोप सोळावे बेनेडिक्ट यांनी बौद्धिक दिव्यांग व्यक्तींना शक्य तेथे ख्रिस्तप्रसाद मिळावा, असे सांगताना, त्या तो आपल्या कुटुंबाच्या किंवा सोबत असणाऱ्या समूहाच्याही विश्वासात स्वीकारतात, असे कारण दिले. थॉमसने बाप्तिस्म्यासाठी उघडलेले दार मेजापर्यंत यायला सातशे वर्षे लागली. बायबलातील मार्काच्या शुभवर्तमानाच्या दुसऱ्या अध्यायात चौघे जण छप्पर उसकटून पक्षाघाती माणसाला खाली सोडतात, तेव्हा येशू त्यांचा विश्वास पाहून त्याला क्षमा करतो. बेबीच्या ‘आईने’ या उत्तराची मला त्या ठिकाणी आठवण होते. मात्र येथे सावध राहावे. दुसऱ्यांच्या विश्वासावर तिला उचलून आणा, पण तिचा स्वतःचा विश्वास नाहीच, असे धरून चालू नका. रोमकरांस पत्राच्या आठव्या अध्यायात ज्या शब्दांवाचूनच्या कण्हण्याचा उल्लेख आहे, त्याची भाषा कोणाला येते आणि कोणाला नाही, हे ठरवणारे आपण कोण?

आणखी एक गोष्ट जाता जाता सांगतो, कारण ती आजही गावोगावी घडते. बाहेरून आलेल्या एका प्रचारकाने प्रार्थनासभेत बेबीच्या डोक्यावर हात दाबून तिच्यातला दुष्ट आत्मा काढण्याचा प्रयत्न केला. ती किंचाळली. काही झाले नाही, तेव्हा आईचा विश्वास कमी पडला, असा निर्णय देऊन ते निघून गेले. जन्मांध माणसाविषयी शिष्यांनी विचारले होते, पाप कोणी केले, याने की याच्या आईबापांनी? येशूने दोन्ही पर्याय नाकारले. महाराष्ट्राच्या २०१३ च्या जादूटोणाविरोधी कायद्याच्या अनुसूचीत भूत उतरवण्याच्या नावाखाली छळ करणे तर आहेच, पण मतिमंद व्यक्तीत अलौकिक शक्ती आहे असे भासवून तिचा धंद्यासाठी वापर करणे हेही आहे. या माणसांना पछाडलेले ठरवणे आणि अवलिया ठरवणे या दोन टोकांमधल्या साध्या माणूसपणाची आठवण सरकारी कागदाने करून द्यावी, याचे मला ख्रिस्ती म्हणून वाईट वाटते.

चर्च ऑफ नॉर्थ इंडिया २९ नोव्हेंबर १९७० रोजी नागपूर येथे सहा मंडळ्यांच्या ऐक्यातून स्थापन झाले, तेव्हा बालबाप्तिस्मा आणि प्रौढ विश्वासणाऱ्यांचा बाप्तिस्मा या दोन्ही प्रथांना त्यात जागा देण्यात आली. इतक्या जुन्या भांडणावर वाट काढणाऱ्या लोकांना बेबीसारख्यांसाठी वाट काढता येणार नाही, असे मी मानत नाही. माझी मागणी फार मोठी नाही. दृढीकरणाच्या वर्गात तोंडी प्रश्नांऐवजी, हे मूल उपासनेला येते काय, प्रार्थनेच्या वेळी शांत होते काय, इतरांबरोबर वाटून खाते काय, एवढे पाहावे. आईबापांना आणि वर्गातल्या सोबत्यांना त्याच्यासाठी साक्ष देऊ द्यावी. आणि हे एकेका पाळकाच्या मर्जीवर न सोडता धर्मप्रांताच्या पातळीवर लेखी ठरवावे. पत्रलेखकाला माझे उत्तर असे की, अशा माणसांच्या तारणाची चिंता त्यांनी करू नये. ते ज्याच्या हाती आहे तो आमच्या प्रश्नपत्रिका वाचत नाही. आमच्या प्रश्नपत्रिकांची चिंता मात्र त्यांनी जरूर करावी आणि आम्हाला असेच खोचक प्रश्न विचारत राहावे.

आमच्या मंडळीत सध्या सोळा वर्षांचा एक मुलगा आहे. तो रविवारी सर्वांच्या आधी येऊन गीतांची पुस्तके बाकांवर मांडतो, आणि प्रत्येक बाकावर किती माणसे बसतात हे त्याला पाठ आहे. या वर्षी त्याच्या आईने त्याचे नाव दृढीकरणाच्या वर्गासाठी दिले होते. तिला पुढच्या वर्षी पाहू, असे सांगण्यात आले आहे.

आपला विश्वासू,
एक निवृत्त शिक्षक,
अहिल्यानगर